बिनचिंचेचा अळू

डोंबिवली पूर्वेला जाऊन ‘विश्राम टिपणीस कुठे राहतात हो?’ असं विचारलंत, तर लोक तुमच्याच तोंडाकडे बघत राहतील. ‘कंट्रोल सर’ म्हणा, रिक्षावाला दारात आणून सोडेल. कल्याणच्या एका कॉलेजात सरांनी सारी हयात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि हे नाव त्यांना पोरांनी दिलं. प्रॅक्टिकलला कुणी कुंडीत खत घालून ‘सर, बघा केवढं वाढलंय’ म्हणत आला, की सर भुवया चढवून विचारायचे, “आणि कंट्रोल कुठाय?” म्हणजे ज्याला खत घातलंच नाही, जे जसंच्या तसं बाजूला ठेवलं, ते रोप कुठाय? ते नसेल तर ताडून कशाशी बघणार, कपाळाशी? पोरगा मान खाली घालून परत. असे किती परत गेले त्याला गणती नाही.

आणि त्याच माणसानं घरात, स्वतःच्या बायकोच्या अळवावर प्रयोग केला तेव्हा कंट्रोल ठेवला नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगीच नाही. पण सरांना हसायचं असेल तर आधी मंदाकिनीबाईंचा अळू काय चीज होती ते ऐकून घ्या, मग हसायचं का ते तुम्हीच ठरवा.

मंदाकिनीबाईंचं माहेर ठाण्याच्या कोपरीतलं. त्यांच्या घरात एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की नारळाबरोबर तिला अळवाचा एक गड्डा द्यायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून. मंदाकिनीबाईंच्या आईलाही तो तसाच मिळालेला, आणि तिच्या आईलाही. वरातीच्या गाडीत सगळ्यांचे डोळे दागिन्यांवर, आणि ही नवी नवरी मांडीवर ओलं फडकं सांभाळत बसलेली. शालूला डाग पडला म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं ते वेगळंच. डोंबिवलीचं घर तळमजल्यावर, मागे मातीची चिंचोळी पट्टी. मोरीचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे बाईंनी दुसऱ्याच दिवशी तो गड्डा लावला. अळू मोरीच्या पाण्यावरच पोसायचा असतो, त्याला वेगळे लाड लागत नाहीत.

पान दिसायला काहीच नव्हतं. बशीएवढं, फार तर ताटलीएवढं. बाजारात हत्तीच्या कानासारखी पानं मिळतात, त्यांच्यापुढे हे म्हणजे अगदीच केविलवाणं. पण त्याला खाज नव्हती! तुमच्या-आमच्या घरी अळू चिरायचा तर आधी हाताला तेल चोळा, वडीच्या पिठात चिंचेचा कोळ ओता, तरी कुणाच्या तरी घशाला खवखवतंच. मंदाकिनीबाई कोरड्या हातांनी पानं काढायच्या, कोरड्या हातांनी शिरा लाटायच्या आणि पिठात चिंचेचं बोटसुद्धा लावायच्या नाहीत. गौरीजेवणाला आलेली एखादी नवखी बाई म्हणायची, “अहो, चिंच विसरलात वाटतं!” की मंदाकिनीबाईंची मान ताठ. “आमच्या कोपरीच्या अळवाला चिंच लागत नाही.” हे वाक्य त्यांनी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल, आणि एकदाही त्याची गोडी कमी झाली नाही.

पुढे कोपरीचं घर पाडलं गेलं, तिथे टॉवर आला. भाऊ आपला हिस्सा घेऊन लांब गेला, आईवडील तर आधीच गेलेले. माहेर म्हणून जे काही उरलं ते डोंबिवलीच्या मोरीमागे डुलत होतं.

सर त्याला ‘बशीतला अळू’ म्हणायचे. “अगं मंदा, चार माणसांची वडी करायची तर वीस पानं जोडावी लागतात. ही काय भाजी म्हणायची?” चेष्टाच, पण तिच्याखाली थोडी खोच असायची. सरांना मोठं ते आवडायचं. बाई बालवाडीत शिकवायच्या आणि त्यात सुखी होत्या. सरांनी बी.एड.चे अर्ज आणून दिले, मोठ्या शाळेत शब्द टाकतो म्हणाले. बाईंनी हसून अर्ज डब्याखाली सारले. मग पाहुण्यांसमोर सर म्हणायचे, “आमची ही बालवाडीतच राहिली.” बाई त्यावरही हसायच्या. ते हसणं खरं होतं की नाही, हे सरांनी कधी ताडून पाहिलं नाही.

खुद्द सरांचंही एक मोठं काम अर्धवट राहिलेलं. पीएच.डी.चं. विषय काय, तर गुणसूत्रांचे जादा संच असलेल्या झाडांत पानाचं माप कोण ठरवतं? पेशीत साधारणपणे दोन संच असतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. पेशी दुभंगायच्या ऐनवेळी तिला औषधानं अडवलं की दोनाचे चार होतात. पोटात माल जास्त म्हणून पेशी मोठी, पेशी मोठी म्हणून पान मोठं. इथपर्यंत सोपं. पण पेशी किती वेळा दुभंगायच्या आणि कुठे थांबायचं हे सांगणारी जनुकं वेगळी असतात, आणि खरी मेख तिथेच असते. सर वर्गात पंगतीचा दाखला द्यायचे. “माणसं आडव्या अंगाची आली की पंगत लांबते, बरोबर? पण वाढपी काही आंधळा नसतो. तो पाट थोडे कमी मांडतो. तरी माणसं एवढी रुंद, की पंगत लांबतेच. आता त्याहून दुप्पट रुंद माणसं आणा. वाढपी घाबरतो, आणि इतके कमी पाट मांडतो की पंगत पहिल्यापेक्षाही आखूड!” म्हणजे चार संचांचं पान मोठं, आठ संचांचं पान पुन्हा लहान. हा वाढपी नेमका कोण, कोणतं जनुक, हे शोधता शोधता सरांचे मार्गदर्शक निवृत्त झाले, मुलं झाली, आजारपणं आली आणि काम बासनात गेलं ते गेलंच.

गेल्या वर्षी दोन गोष्टी एकदम घडल्या. धाकटी लेक देवयानी आणि तिच्या नवऱ्यानं वर्तकनगरला जुन्या कॉलनीत घर घेतलं, तळमजला, मागे हातभर माती. आणि बंगळुरूला मुलाकडे, साकेतकडे, सूनबाईंना दिवस भरत आले. लग्न झालं तेव्हा देवयानी सातव्या मजल्यावर भाड्यानं राहत होती, म्हणून तिचा गड्डा राहून गेलेला. तो आता द्यायचा, हे मंदाकिनीबाईंनी घराची किल्ली मिळाली त्याच दिवशी ठरवून टाकलं. बंगळुरूला निघताना बॅगा रिक्षात चढल्या तरी त्या मागच्या दाराशीच उभ्या. “अहो, पाणी तेवढं घाला. पावसाळ्यात येते, मग आपण दोघं जाऊन देवूकडे लावून येऊ. विसरू नका हं.”

विसरले नाहीत हो सर. तेच तर झालं.

रिकाम्या घरात चहा पिता पिता सरांच्या मनात आलं, देवूला द्यायचा तर बशीतला अळू कशाला द्यायचा? मंदा येईल तेव्हा मोरीमागे हत्तीचे कान डुलत असतील. चकित होईल! आणि तिच्या निमित्तानं आपलंही राहिलेलं होऊन जाईल. आता यात बायकोचं प्रेम किती आणि स्वतःची हौस किती, हे मोजायला कुठलाच तराजू नाही. सर अजूनही म्हणतात की प्रेमच होतं. म्हणताना नजर मात्र दुसरीकडे असते.

त्यांनी फ्लेव्हियनला फोन लावला. फ्लेव्हियन त्यांचा जुना विद्यार्थी, ठाण्याच्या खाडीकडच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांच्या घरातला, आता एका बियाण्यांच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळणारा. रविवारी चर्चमधली मिसा आटोपून तो कोल्चिसिनची छोटी बाटली घेऊन आला. हे औषध गाऊटवर, म्हणजे सांधेसुजीवर, देतात आणि झाडांच्या पेशींना अडवतंही. विषारी असतं, म्हणून त्यानं हातमोजेसुद्धा आणलेले. मागच्या दारात सर्व गड्डे उपटून ओळीनं मांडलेले बघून तो थबकला.

“सर, सगळेच?”

“अरे, मागे पेव्हर ब्लॉक बसवतायत. पार्किंग. मीच चेअरमन, मीच सही केली. उपटायचे तर होतेच, मग म्हटलं एकदमच करू.”

“पण सर…” फ्लेव्हियन ओशाळं हसला. “कंट्रोल?”

सर खो खो हसले. “गुरूला विद्या शिकवतोस? अरे, औषध लागतं कुठे सगळ्यांना? निम्म्याहून जास्त कोरेच राहतात. तेच माझे कंट्रोल. आपोआप.”

फ्लेव्हियननं हातमोजे चढवले. सरांपुढे दुसऱ्यांदा बोलायची सवय त्याला कॉलेजातच लागली नव्हती.

औषध झालं, गड्डे काळ्या पिशव्यांत लागले, मागच्या मातीवर सिमेंटच्या विटा बसल्या. काही गड्डे कुजले. उरलेल्यांना पानं फुटली आणि त्यांतली तीन रोपं अशी उफाळून वर आली, की सर लहान मुलासारखे रोज सकाळी दात न घासता मागे जायला लागले. पान जाड, गडद, परातीएवढं! चार संच, शंकाच नको. सरांनी शेजारच्या पोरीला पानाशेजारी उभं करून फोटो काढला आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. अंगठ्यांचा पाऊस पडला. बाईंना मात्र कळवलं नाही. त्यांना चकित करायचं होतं ना.

बाकीच्या पिशव्यांत तीच जुनी बशीएवढी पानं. सरांचे ‘आपोआप’ कंट्रोल. पण सोसायटीचा सेक्रेटरी कुरकुरला, पिशव्यांच्या पाण्यात डास होतात, चेअरमननंच असं केलं तर इतरांना काय सांगायचं? आणि सरांना तर त्या परातीपुढे दुसरं काही दिसतच नव्हतं. सकाळी घंटागाडी आली तशा त्यांनी लहान पानांच्या पिशव्या स्वतःच्या हातानं उचलून तिच्यात टाकल्या. फसलेला माल, दुसरं काय! एक गड्डा तेवढा राहिला, फुटक्या बादलीत. तो कोंब धरायलाच तयार नव्हता, म्हणून मेला समजून जिन्याखाली सरकवलेला.

आषाढात मंदाकिनीबाई आल्या. बॅग दारात ठेवली, नातवाचे फोटो राहिले बाजूला, सर त्यांना हाताला धरून मागे घेऊन गेले. बाईंनी आधी सिमेंटच्या विटांकडे पाहिलं, मग त्या तीन अगडबंब रोपांकडे.

“अगंबाई! हा कुठला?”

“कुठला म्हणजे? तुझाच! कोपरीचा! दोनाचे चार केले.”

बाई हसल्या. प्रवासानं दमलेल्या होत्या, तरी म्हणाल्या, एवढं केलंत तर वड्या करतेच आज. दोन पानं कापली, पाटावर पालथी घातली आणि नेहमीसारख्या कोरड्या हातानं शिरा लाटायला बसल्या. थोड्याच वेळात लाटणं थांबलं. बाई उजवा तळवा डाव्या नखांनी खाजवत होत्या. मग मनगट. मग त्या उठल्या, ताकानं हात धुतले, पुन्हा येऊन बसल्या आणि त्या पानाकडे बघत राहिल्या.

“हा माझा अळू नाही,” त्या म्हणाल्या. “माझा कुठाय?”

सरांनी पानाला बोट लावून पाहिलं. गुणसूत्रं दुप्पट केली की नुसतं पान वाढत नाही, पेशीतला सगळा संसारच ढवळून निघतो. जे निजलेलं असतं ते जागं होतं. हे त्यांना माहीत नव्हतं काय? पोरांना लिहून दिलेलं होतं! घंटागाडीत स्वतःच्या हातानं टाकलेल्या त्या पिशव्या त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या. आणि एकदम आठवली ती बादली.

जिन्याखालून त्यांनी ती ओढून काढली. गड्डा मेला नव्हता! अंधारात त्यानं पानं काढली होती, दोन, बशीएवढीच. सरांना आनंदानं हुंदका यायचा राहिला. “हा घे! हा बघ तुझा! याला औषध लागलंच नाही!” बाईंनी बादली पोटाशी धरली, फुटक्या कडेनं साडीला चिखल लागला तरी. त्या पानावरून त्यांनी असा हात फिरवला, की सर दुसरीकडे बघायला लागले.

“पानं नका तोडू हं याची,” बाई म्हणाल्या. “रविवारी देवूकडे लावू.”

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण सर पडले वनस्पतिशास्त्राचे. दुपारी बाईंचा डोळा लागला आणि सरांना राहवेना. देवयानीची एक वाळत आलेली नेलपॉलिशची बाटली कपाटात होती. सरांनी त्या लहान पानाच्या मागच्या अंगावर तिचा एक थेंब पसरला, वाळल्यावर सेलोटेपनं अलगद सोलला आणि काचेवर चिकटवला. पानाच्या त्वचेचा ठसा असा उठतो. मग माळ्यावरून सूक्ष्मदर्शक काढला आणि स्लाइडांची लाकडी पेटीही. त्या पेटीत कोपरीच्या अळवाची एक जुनी स्लाइड होती. पोरांना पानाची रंध्रं, म्हणजे श्वासाची बारीक भोकं, दाखवायला सरांनी कित्येक वर्षं तीच वापरलेली.

आधी जुनी लावली. बारीक बारीक रंध्रं, दाटीवाटीनं, देवळापुढे चपला असाव्यात तशी. मग आजची लावली.

रंध्रं टपोरी होती. मोजकी, लांब लांब पसरलेली. संच जितके जास्त तितकी रंध्रं मोठी, आणि ही तर परातीएवढ्या पानाच्या ठशात सरांनी मागे पाहिली होती त्यांच्याहूनही मोठी. सरांनी भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. औषध या गड्ड्याला लागलं नव्हतं असं नाही. एकाच खेपेत दोनदा लागलं होतं. दोनाचे चार आणि चाराचे आठ. म्हणून तर तो इतका उशिरा फुटला. वाढप्यानं घाबरून पाट कमी मांडले होते, आणि पंगत आखडून पुन्हा बशीएवढी झाली होती. ज्या गोष्टीपाशी सरांची पीएच.डी. अडली होती, ती गोष्ट त्यांच्या घरात फुटक्या बादलीत उभी होती. दुसऱ्या एखाद्या दिवशी ते आनंदानं नाचले असते.

त्यांनी जुनी स्लाइड उचलली. बाईंचा अळू आता जगात एवढाच उरला होता, काचेखाली, नखाएवढा.

सांगायचं की नाही? मंदाला काय कळणार आहे? पान तेवढंच दिसतंय, ती सुखात आहे, देवू सुखात राहील. संध्याकाळपर्यंत सर असंच स्वतःला समजावत बसले. चहा झाला. बाई बादलीपाशी जाऊन आल्या, उगीच पाणी शिंपडून आल्या आणि गुणगुणत तांदूळ निवडायला बसल्या. ते गुणगुणणं सरांना ऐकवेना.

“मंदा, तो तुझा नाही.”

आणि मग सगळं सांगितलं. औषध, पेव्हर ब्लॉक, घंटागाडी. बाईंचे हात तांदळात तसेच राहिले. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर सर पाया पडले असते, तयारच होते ते.

“मी विचारायला हवं होतं तुला,” सर म्हणाले. “एक तरी बाजूला ठेवायला हवा होता. माझी चूक झाली गं.”

“अळवाचं एक असू दे,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “पण माझं कुठलंच माप तुम्हाला कधी पुरलं नाही हो.” आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

सरांनी नंतर फ्लेव्हियनला फोन केला, कोपरीच्या जुन्या शेजाऱ्यांचे पत्ते काढले, कुणाकडे त्या घरचा अळू गेला असेल का म्हणून वणवण केली. टॉवरच्या वॉचमननं त्यांना कुंड्यांतली शोभेची झाडं दाखवली. एका म्हाताऱ्या बाईला अळू आठवत होता. “वड्या काय व्हायच्या हो त्याच्या!” एवढं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. गड्डा कुणाकडेच नव्हता.

रविवारी बाई म्हणाल्या, “चला. वर्तकनगरला जायचंय ना?” सरांना वाटलं, आता हात हलवत जायचं. पाहतात तो बाईंनी बादलीतला गड्डा काढून ओल्या फडक्यात गुंडाळलेला. सर काही विचारू गेले, तर म्हणाल्या, “लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कशी जाऊ?” वर्तकनगरच्या त्या हातभर मातीत, मोरीच्या पाण्याच्या वाटेवर, मायलेकींनी तो लावला. देवयानीनं खड्डा केला, नारळ वाढवला, आणि म्हणाली, “आजीचा अळू शेवटी आला एकदाचा!” सर खुरपं धुवायच्या निमित्तानं नळाशी गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

भाद्रपदात तिचा फोन आला. बाईंचे हात कणकेत होते म्हणून त्यांनी स्पीकर लावला. सर समोरच पेपर उघडून बसलेले.

“आई, पहिल्या वड्या केल्या गं! तुझ्यासारख्याच, अगदी तश्शा. शेजारच्या काकूंना सांगितलं, आमच्या आजीचा कोपरीचा अळू आहे, चिंच लागत नाही याला.” मग म्हणाली, “पण आई, यांच्या घशाला थोडं खवखवलं. काकूंच्या पण. माझं काही चुकलं का गं?”

सरांनी पेपर खाली ठेवला. आता कळणार लेकीला. कळू दे, एकदा कळून जाऊ दे, असंच त्यांना वाटलं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. कणकेचा गोळा उलटा केला, मुठीनं दाबला.

“नाही गं बाळा, तुझं कशाला चुकेल? माती नवी आहे त्याची,” त्या म्हणाल्या. “चिंच घालत जा थोडी.”